रिकाम्या बाटलीचं देणं

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या तपासणी लॅबमध्ये मी केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा पाण्यातला धातू मोजणं आपल्याला येतं याबद्दल मला जराही शंका नव्हती. बीएस्सीला केमिस्ट्री होती, अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनचं मशीन चालवता येत होतं, आणि आजूबाजूच्या प्लेटिंगवाल्यांच्या ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे, नमुने रोज दारात येऊन पडत होते. कॅनवर मार्करने तारीख आणि 'इनलेट' किंवा 'आउटलेट' असं लिहिलेलं. निकेल, तांबं, जस्त, क्रोमियम. नळी नमुन्यात बुडवायची, आकडा यायचा, रजिस्टरला चढायचा. सांडपाण्यात निकेल लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तांबंही 3, जस्त 5. आकडा त्याच्या आत असला की रिपोर्ट टाइप व्हायचा. मशीनने शून्य दाखवलं तर मी 'आढळले नाही' असं लिहायचो, आणि माझ्या मनातही त्याचा अर्थ 'पाण्यात धातू नाही' इतका सरळ होता.

ही समजूत ज्यांनी मोडली त्यांच्या ऋणाबद्दल मला लिहायचं आहे. नाव छापायचं नाही ही त्यांची अट आहे, म्हणून इथेही मी त्यांना मॅडमच म्हणतो. लॅबमध्ये सगळे तेच म्हणायचे. गोव्यात बरीच वर्षं त्यांनी समुद्राच्या पाण्यातल्या धातूंवर काम केलं होतं. मिस्टर चाकणला एका कारखान्यात लागले, निगडी प्राधिकरणात घर झालं, आणि आमच्या मालकांनी त्यांना क्वालिटी बघायला बोलावून घेतलं. आम्हाला वाटलं, मोठ्या संस्थेतून आलेल्या बाई, महिन्या-दोन महिन्यांत कंटाळतील. त्या राहिल्या, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या राहण्यावर उभं आहे.

आल्यावर त्यांनी निकालांचं रजिस्टर उघडलंच नाही. म्हणाल्या, "ब्लँक दाखव."

मी दाखवला. रोज सकाळी डीआय, म्हणजे आयन काढलेलं शुद्ध पाणी मशीनला द्यायचं, शून्य जुळवायचं, की झाला ब्लँक.

"हे पाणी कुठून घेतलं?"

"डीआयच्या टाकीतून, मॅडम."

"टाकीतून थेट मशीनला? नमुना तर कॅनमधून येतो, गाळणीतून जातो, त्यात अॅसिड पडतं, बीकरमध्ये तापतो. तुझा ब्लँक यातल्या कुठल्या वाटेने गेला?"

कुठल्याच नाही, हे उत्तर होतं. त्यांनी मग शांतपणे समजावलं. नमुना जिथून जिथून जातो तिथून रिकामं, स्वच्छ पाणीही न्यायचं. तीच बाटली, तेच अॅसिड, तीच गाळणी, तोच माणूस, तोच टेम्पो. शेवटी त्या स्वच्छ पाण्यात जेवढा धातू सापडेल तेवढा आपण घातलेला. आपल्या हाताची बेरीज आधी कळल्याशिवाय नदीची वजाबाकी करता येत नाही. मला तेव्हा हे सगळं जास्तीचं वाटलं. लिटरला काही मिलिग्रॅम निकेल असलेल्या पाण्यात माझ्या बोटाच्या धुळीने काय बिघडणार होतं? आणि आमच्या कामापुरतं ते खरंही होतं. मॅडमनाही ते ठाऊक होतं. त्यांना मला आमच्या कामाच्या पलीकडचं काहीतरी दाखवायचं होतं.

चहाच्या वेळी त्या समुद्राचे आकडे सांगायच्या. खुल्या समुद्रातल्या गाळलेल्या पाण्यात निकेल लिटरला सरासरी 480 नॅनोग्रॅमच्या आसपास असतं. सांडपाण्याला जे 3 मिलिग्रॅम चालतात ते 30 लाख नॅनोग्रॅम होतात. म्हणजे आम्ही ज्याला 'मर्यादेच्या आत' म्हणायचो ते समुद्राच्या सहा हजार पट होतं. कोबाल्ट तर लिटरला एक-दोन नॅनोग्रॅम, कुठे थोडं जास्त. एका नॅनोग्रॅमसाठी एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करावे लागतात. आमचं मशीन इतकं खाली बघूच शकत नव्हतं. ज्या रिपोर्टवर मी सही करायचो त्यात सगळा हिंदी महासागर 'आढळले नाही' या दोन शब्दांत संपला असता.

मी विचारलं, एवढं कमी असतं तर मोजायचं कशाला? तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा समुद्रतळाच्या खाणीबद्दल सांगितलं.

26 जानेवारी 1981 रोजी 'गवेषणी' या संशोधन जहाजाने अरबी समुद्रातून धातूचे गोळे वर काढले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची ती मोहीम. बटाट्याएवढे काळे गोळे, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या चालीने तळावर वाढलेले, मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट पोटात घेऊन. 1987 साली भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचा पट्टा मिळाला. त्यातला निम्मा पुढे परत करून 75 हजार चौरस किलोमीटर आपण ठेवला, आणि 2002 साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी तसा करार झाला. तिथे 38 कोटी टन गोळे असल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यात निकेल 47 लाख टन, तांबं सुमारे 43 लाख टन, कोबाल्ट साडेपाच लाख टन. सगळं पाच-साडेपाच किलोमीटर पाण्याखाली.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ लगेच कळतो. प्लेटिंगच्या टाकीत निकेल लागतं, स्टेनलेस स्टीलला लागतं, मोटारीच्या गुंडाळीला तांबं लागतं, बॅटरीच्या काही प्रकारांत निकेल आणि कोबाल्ट दोन्ही लागतात. आकुर्डीला चेतक स्कूटर विजेवर निघू लागली, चाकणला विजेच्या मोटारी बनू लागल्या. त्या धातूंची वाट कधीतरी समुद्रतळाकडे वळेल, हे मॅडम आम्हाला खूप आधीपासून सांगत होत्या.

खाणीचं यंत्र तळावरून सरकताना गोळे आणि गाळ दोन्ही उचलतं. मागे गाळाचा लोट उठतो. गोळे नळीतून जहाजावर गेले की उरलेलं गढूळ पाणी पुन्हा समुद्रात सोडावं लागतं. तो दुसरा लोट, आणि तो मधल्याच एखाद्या थरात सोडला तर कितीतरी दूर पसरू शकतो. गोळ्यातला धातू ऑक्सिजन असलेल्या पाण्यात सहज विरघळत नाही, मँगनीजचा ऑक्साइड त्याला धरून ठेवतो. पण गोळे घासून झालेली भुकटी असते, गाळात मुरलेल्या पाण्यात तळालगतच्या पाण्यापेक्षा जास्त तांबं असू शकतं, आणि समुद्रातले बारीक जीव नॅनोग्रॅमच्या पातळीवर तांब्याशी जुळवून घेऊन जगत आलेले असतात. म्हणून विरघळलेला धातू वेगळा मोजायचा, कणांतला वेगळा मोजायचा, खाणीच्या आधी मोजायचा, नंतर मोजायचा, आणि लोटाच्या बाहेरही मोजायचा.

"आणि आधीचा आकडाच चुकीचा जास्त आला तर?" मॅडमनी मला विचारलं. मी थोडा वेळ घेतला. मग म्हणालो, "मग नंतर वाढ झाली तरी दिसणार नाही." त्या दिवशी मला ब्लँक कळला असं म्हणायला हरकत नाही.

हे कल्पनेतलं भय नव्हतं. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत समुद्रातल्या कित्येक धातूंचे जगभर छापलेले आकडे खऱ्यापेक्षा दहापट, शंभरपट, काही हजारपट होते. मोजणारे हुशारच होते. जहाज लोखंडाचं, दोर पोलादी, त्यावर ग्रीस, नळ पितळी, हवेत गंज. मोजला जात होता तो या सगळ्यांचा धातू. अमेरिकेतल्या क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय काढलं, 1956 साली ते प्रसिद्ध झालं. त्या कामात त्यांना कळलं की शिसं प्रयोगशाळेत सगळीकडे आहे, धुळीत, भांड्यांत, माणसाच्या केसांत. त्यांनी अशी खोली बांधली की जिच्यात बाहेरची हवासुद्धा गाळून आत येईल. मग त्याच शिस्तीने त्यांनी समुद्रातलं शिसं मोजलं आणि ते पेट्रोलमधून येतंय हे ठामपणे सांगितलं. बॉइल, ब्रूलँड यांसारख्या संशोधकांनी तीच शिस्त तांबं, कॅडमियम, निकेल, जस्त यांना लावली, तेव्हा कुठे समुद्राचे खरे आकडे दिसू लागले. माझे वडील पिंपरीला कामाला होते, स्कूटरवर जायचे, आणि भारतात शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद होईपर्यंत तेच पेट्रोल आमच्या दारात धूर सोडत होतं. एका माणसाने आपला ब्लँक नीट मोजला म्हणून माझ्या मुलीच्या श्वासातलं शिसं कमी झालं. त्या परक्या माणसाचंही देणं माझ्याकडे आहे.

मॅडमनी मग मला हाताला धरून शिकवायला सुरुवात केली, शिफ्ट संपल्यावर, पगाराशी त्याचा काही संबंध नसताना. लॅबच्या मागच्या खोलीत प्लॅस्टिकचा तंबू उभा केला, त्यात गाळलेली हवा सोडणारा एक खोका बसवला. लोखंडी स्टँड बाहेर, गंजलेली खिडकी टेपने बंद, पितळी नळ वर्ज्य. प्लॅस्टिकच्या बाटल्या आधी साबणात, मग पातळ नायट्रिकमध्ये बुडवून आठवडेच्या आठवडे ठेवायच्या, मग शुद्ध पाण्याने खळखळून दोन-दोन पिशव्यांत बांधायच्या. माझ्यासारख्या रोज पन्नास रिपोर्टच्या घाईत वाढलेल्या माणसाला ते बाटल्यांचं मुरत पडणं सोसत नसे.

सगळ्यात जास्त छळलं जस्ताने. तांब्याचा ब्लँक खाली आला, निकेलचा आला, जस्त काही हलेना. अॅसिड बदललं. पाणी बदललं. बाटल्या नव्या आणल्या. मी म्हणालो, मॅडम, भोसरीच्या हवेतच जस्त असेल, आजूबाजूला सगळे गॅल्व्हनाइज्ड पत्रे. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. एकेक गोष्ट बाजूला काढून ब्लँक लावत राहिल्या. शेवटी एक दिवस त्यांनी मला हातमोजे काढायला सांगितले आणि मेडिकलमधून आणलेल्या त्या मोज्यांच्या आतली पांढरी पावडर माझ्या तळहातावर दाखवली. मोजे सहज निघावेत म्हणून घातलेली पावडर. पावडर नसलेले साधे प्लॅस्टिकचे मोजे आणले, आणि जस्त खाली आलं. हात स्वच्छ राहावेत म्हणून घातलेल्या वस्तूतूनच घाण येत होती. पुढे कित्येक वर्षं, एखादा आकडा जागचा हलत नसेल तर मी आधी माझ्या संरक्षणाच्या वस्तू तपासत आलो आहे.

मी तंबाखू खात असे. चुना लावून मळायची, चिमूट ओठाखाली, आणि तळहात पँटला पुसून पुन्हा कामाला. मॅडम त्यावर कधी बोलल्या नव्हत्या. इंद्रायणीवर नमुने घ्यायला गेलो तेव्हा मोशीच्या अलीकडे काठावर उतरलो आणि सवयीने मी डबी काढली. त्या म्हणाल्या, "तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतं. तुझ्या बोटावर आत्ता नदीपेक्षा जास्त असेल. आज बाटलीला तू हात लावायचा नाहीस." आवाजात राग नव्हता. त्यांनी बांगड्या आणि घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं, बरोबरच्या पोऱ्याला बाहेरची पिशवी उघडायला लावली आणि आतली पिशवी स्वतः उघडली. एकाचे हात मळके, दुसऱ्याचे चोख. मळक्याने आतल्या बाटलीला शिवायचं नाही. प्रवाहाकडे तोंड करून त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, बाटली पाण्याखाली नेऊन टोपण काढलं, विसळली, भरली, पाण्याखालीच बंद केली. मग लॅबमधून भरून आणलेली शुद्ध पाण्याची बाटली तिथेच उघडून दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतली. तो त्या काठाचा ब्लँक. मी काठावर उभा राहून फक्त वही लिहीत होतो. तंबाखू त्यानंतर सुटली. डॉक्टरांनी सांगून सुटली नव्हती.

आमचं नदीचं पाणी अरबी समुद्राला जात नाही, हेही मला त्यांनीच त्या काठावर सांगितलं. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा उजनीतून पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. भोसरीत सांडलेलं निकेल निम्मा देश ओलांडून समुद्राकडे निघालेलं असतं, वाटेत गाळात बसत, पुन्हा उठत. ज्या महासागराचा तळ आपण उद्या खरवडणार त्यालाच आपण आज इथून थोडं थोडं पाठवतो आहोत. समुद्र आणि एमआयडीसी ही माझ्या डोक्यातली दोन खाती त्या दिवशी एक झाली.

पुढे त्यांच्या शब्दावर मला गोव्यात एका प्रयोगशाळेत काही दिवस बसायला मिळालं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ असतं. ते तसंच्या तसं, अणूंच्या वजनावरून धातू ओळखणाऱ्या तिथल्या मोठ्या मशीनला दिलं तर मीठच सगळं झाकून टाकतं. सोडियम आणि मशीनमधला अर्गॉन चिकटून नेमके तांब्याच्या वजनाचे होतात आणि मशीन त्यांना तांबं समजतं. म्हणून पाणी आधी एका रेझिनच्या नळीतून हळूहळू सोडतात. रेझिन धातू धरून ठेवतं, मीठ वाहून जातं, मग थोड्याशा अॅसिडने धातू सोडवून घेतात. सगळी जादू त्या हळूहळू सोडण्यात आहे. तिथल्या मुली तासन् तास त्या थेंबांकडे लक्ष ठेवून असायच्या. त्यांच्याकडे बघताना मला माझ्या रजिस्टरातल्या 'आढळले नाही' या नोंदी आठवत होत्या.

तिथेच मला 1997 च्या प्रयोगाबद्दल वाचायला मिळालं. खाण सुरू व्हायच्या कितीतरी आधी, आपल्याच लोकांनी मध्य हिंदी महासागरात पाच किलोमीटरहून खोल तळावर मुद्दाम गाळ ढवळून पाहिला होता. रशियन जहाजावरून तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्ट्यात एक यंत्र ओढलं, गाळ उपसून तळाच्या वर सोडला, आणि आधी काय होतं, लगेच नंतर काय झालं, पुढच्या वर्षांत काय भरून आलं, हे सगळं मोजलं. तळावरच्या जीवांचं डॉ. बबन इंगोले यांचं काम, गाळाच्या रसायनाचं डॉ. बी. नागेंद्र नाथ यांचं, आणि या विषयावर डॉ. राहुल शर्मा यांनी संपादित केलेले ग्रंथ मी जमतील तसे, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. पेरूजवळच्या समुद्रात 1989 साली अशाच प्रयोगात नांगरलेला तळ 2015 मध्ये पुन्हा पाहिला, तेव्हा चर तसेच दिसत होते, हेही तिथेच कळलं. यातल्या कोणालाही मी भेटलेलो नाही. पण नुकसान होण्याआधी नुकसान मोजायची तयारी करणारी माणसं आपल्यात आहेत, आणि ती आपल्यापासून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर बसलेली होती, याचा मला फार मोठा आधार वाटला.

तो आधार लवकरच लागला. नंतरच्या एका नोकरीत, नाव सांगत नाही, रिपोर्ट 'आत बसवून' द्यावा अशी अपेक्षा होती. आधीचा मी कदाचित कुरकुरत का होईना टिकलो असतो. पण ज्याला आपल्या तळहातावरची पावडर नोंदवायची सवय लागली, त्याला कॅनमधला आकडा खोडणं जमत नाही. मी राजीनामा दिला आणि घरी येऊन मॅडमना फोन केला. त्यांनी शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "चाकणला एक लॅब उघडतेय. ब्लँकचं रजिस्टर ठेवू देतील का ते आधी विचार, पगार मग विचार." मी तेच विचारलं. त्याच लॅबमध्ये आज आहे.

आता नवीन मुलं येतात, डिप्लोमा करून, खेड-मंचरहून बसने. मी त्यांना पहिले दिवस फक्त बाटल्या धुवायला देतो. ती चिडतात, मला माझी चिडचिड ओळखीची वाटते, आणि मी मॅडमसारखं शांत राहायचा प्रयत्न करतो. त्यांच्याइतकं जमत नाही.

2021 साली 'वराह' हे आपलं यंत्र मध्य हिंदी महासागरात 5270 मीटर खोलीवर उतरलं. 2022 मध्ये पॅसिफिकमध्ये एका परदेशी कंपनीने चाचणी म्हणून हजारो टन गोळे प्रत्यक्ष वर काढले. खाणीचे नियम जमैकात किंग्स्टनला अजून घासाघाशीत आहेत. खाण व्हावी की नाही, यावर माझ्यासारख्याने छातीठोक बोलू नये. ज्या पट्ट्याची चूल निकेल आणि तांब्यावर पेटते तिथे मी राहतो. पण एक गोष्ट मी मागू शकतो, आणि जिथे जमेल तिथे मागतो: पाण्यातल्या धातूचा जो आकडा कोणीही जाहीर करील, त्याच्या शेजारी त्याचा ब्लँक छापा. जहाजाचा, बाटलीचा, हाताचा. आणि खाणीआधीचे आकडे खाणवाल्यांच्या कपाटात न ठेवता सगळ्यांना बघू द्या. तळाला ओरडता येत नाही. त्याच्या वतीने बोलायला तेवढेच आकडे आहेत.

हा लेख लिहून झाल्यावर मी प्राधिकरणात जाऊन मॅडमना वाचून दाखवला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या ऐकतात. स्वतःबद्दलच्या परिच्छेदांवर त्या काही बोलल्या नाहीत. निकेलच्या 480 नॅनोग्रॅमपाशी त्यांनी हात वर केला.

"गाळलेल्या पाण्यात की न गाळलेल्या?"

मी ते लिहिलं नव्हतं. तिथेच पेन काढून वर 'गाळलेल्या' हा शब्द घातला, आणि पुढे वाचू लागलो.